जंतू मरतात, मग हात का सोलतात?

प्रश्न : माझी धाकटी जाऊ एका मोठ्या रुग्णालयात मावशी म्हणून कामाला आहे. फरशी पुसणं, सांडलेलं रक्त, लघवी, उलटी आवरणं, उपकरणं द्रावणात भिजत घालणं ही तिची रोजची कामं. वर्षभरात तिचे हात सोलवटले आहेत आणि ड्यूटीवर असताना खोकल्याची उबळ येते. मी काही बोलले की म्हणते, "ताई, हे जंतू मारायला असतं, त्यानं माणसाला काय होतंय? आणि मी मास्क लावतेच की." मध्यंतरी संडास लवकर निघावा म्हणून तिनं दोन क्लीनर एकत्र ओतले आणि जीव घुसमटून बाहेर पळाली. दोन्ही जंतुनाशकंच, मग एकत्र केल्यावर ताकद वाढायची सोडून विषारी वाफ का निघाली? मास्क, हातमोजे असूनही त्रास का व्हावा? आणि उग्र वास गेला की धोका गेला, असं धरून चालायचं का?

– एक वाचक, मिरज

उत्तर : तुमच्या जाऊबाईंचा समज फार जणांचा असतो. त्याच्या मुळाशी आपल्याला ठाऊक असलेली एक खरी गोष्ट आहे. डॉक्टर अँटिबायोटिक देतात, ती पोटात गेल्यावर जंतू मरतात आणि आपण बरे होतो. पेनिसिलिनचंच पाहा. जिवाणूच्या पेशीभोवती एक भिंत असते आणि पेनिसिलिन ती भिंत बांधू देत नाही. आपल्या पेशींना अशी भिंतच नसल्यामुळे हे हत्यार आपल्याला लागत नाही. असं शत्रू-मित्र ओळखणारं रसायन शोधायला माणसाला बराच काळ लागला.

फरशी पुसण्याच्या बादलीतल्या रसायनाला ही ओळख नाही. रुग्णालयात ज्याला सगळे 'हायपो' म्हणतात, ते सोडियम हायपोक्लोराइट समोर आलेल्या प्रथिनांवर तुटून पडतं आणि त्यांची मोडतोड करतं. अल्कोहोल पेशीच्या स्निग्ध आवरणाला भोकं पाडतं आणि आतली प्रथिनं गोठवतं. फॉर्मालिन आणि ग्लुटाराल्डिहाइड प्रथिनांचे धागे एकमेकांना कायमचे जखडून टाकतात. प्रथिनं आणि स्निग्ध आवरणं जंतूत आहेत तशी तुमच्या-माझ्यातही आहेत. जंतुनाशक वापरायला लागण्याचं कारणही हेच, की त्याच्यापुढे कुठल्याच जातीचा जंतू सहसा टिकत नाही. जे सगळ्यांना मारतं ते आपल्यालाही लागणारच.

मग हायपोत हात घालणारा माणूस लगेच भाजत का नाही? कारण त्वचेचा सगळ्यात वरचा थर मुळात मेलेल्या पेशींचा असतो. एकावर एक रचलेल्या, मधे स्निग्ध पदार्थ भरलेल्या त्या थरात मारण्यासारखं काही उरलेलं नसतं. रसायन आधी तिथे अडतं आणि खालच्या जिवंत पेशींपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. आपलं संरक्षण एवढंच, आणि हायपो नेमकं तेच झिजवतं. हायपो तीव्र अल्कधर्मी असतं. हात बुडवला की बोटं बुळबुळीत लागतात, हे जाऊबाईंना माहीत असेल. तो बुळबुळीतपणा बराचसा त्वचेवरल्या तेलाचा साबण होऊ लागल्यामुळे असतो. एकदा हात घातला तर शरीर ते तेल पुन्हा तयार करतं. दिवसातून वीसदा घातला, वर साबणाने धुतला, वर सॅनिटायझर चोळलं, तर तेल तयार व्हायला उसंतच मिळत नाही. त्वचा कोरडी पडते, तिला भेगा जातात आणि मग त्या भेगांतून द्रावण सरळ जिवंत पेशींना भिडतं. हात सोलवटतात ते असे. त्यात आणखी वाईट हे, की सोललेल्या हातावर जंतू जास्त काळ मुक्काम करतात, म्हणजे ज्या संसर्गाला थोपवायला हे सगळं चाललंय त्यालाच दार उघडं राहतं.

हातांवर मृत पेशींचं निदान एक कवच तरी आहे. डोळे, नाक, घसा आणि फुप्फुसं यांना तेही नाही. फुप्फुसांतले सगळे वायुकोश उलगडून पसरले तर जवळजवळ बॅडमिंटनच्या मैदानाएवढी जागा व्यापतील, आणि त्या पृष्ठभागाची जाडी केसापेक्षाही कितीतरी कमी असते. म्हणूनच द्रव्य हातावर सांडण्यापेक्षा त्याची वाफ किंवा फवारा छातीत जाणं अधिक गंभीर मानतात.

हातांवरून एक हकिगत सांगायला हवी, कारण ती तुमच्या प्रश्नाशी थेट जुळते. आज शस्त्रक्रियेचे हातमोजे म्हटलं की रुग्णाला संसर्ग होऊ नये म्हणून घालायची वस्तू असं आपण समजतो. पण शस्त्रक्रियागृहातले पातळ रबरी हातमोजे आले ते एका परिचारिकेचे हात जंतुनाशकापासून वाचवण्यासाठी. १८८९-९०च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्प्टन ही शस्त्रक्रियागृहाची प्रमुख परिचारिका होती. तेव्हा हात निर्जंतुक करायला मर्क्युरिक क्लोराइड, म्हणजे पाऱ्याचा क्षार, वापरत. त्याने तिच्या हातांवर इतका इसब उठला की काम सोडायची वेळ आली. शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीला पातळ रबराचे हातमोजे करून द्यायला सांगितलं. ते तिला उपयोगी पडले, मग इतर मदतनीसही घालू लागले, आणि संसर्गही कमी होतो हे लोकांच्या ध्यानात यायला पुढे काही वर्षं गेली. म्हणजे जाऊबाईंचं दुखणं निदान सव्वाशे वर्षं जुनं आहे. त्याकडे लक्ष दिलं तर उपाय निघतो, हेही तेव्हापासूनच माहीत आहे.

आता दोन क्लीनर एकत्र करण्याबद्दल. हायपो म्हणजे ढोबळमानाने कॉस्टिकच्या पाण्यात मुरवलेला क्लोरीन वायू. तो बाटलीत गुमान राहतो तो त्या अल्कधर्मी पाण्यामुळे. संडास साफ करायच्या बहुतेक लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, डाग निघतात ते त्याच्यामुळे. ही दोन एकत्र आली की आम्ल अल्कधर्माला संपवतं, क्लोरीनला धरून ठेवणारं काही उरत नाही आणि तो वायू होऊन बाहेर पडतो. १९१५च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईपरजवळ जर्मन सैन्याने रणांगणावर सोडला तो हाच वायू. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड आहे, त्यामुळे तो वर निघून जात नाही, जमिनीलगत साचतो. आणि संडास घासणारी बाई उकिडवी बसलेली असते, म्हणजे तिचं नाक नेमकं त्याच उंचीवर असतं. खिडकी बंद आणि दार लोटलेलं असेल तर काही श्वासांतही छातीला इजा होऊ शकते. जाऊबाई लगेच बाहेर पळाल्या, हे त्यांनी अगदी योग्य केलं.

थांबून ते पाण्याने लोटून द्यावं, निदान काम पुरं करावं, असं मनात येतं आणि तिथेच माणसं अडकतात. आधी बाहेर पडायचं, दार उघडं टाकायचं, बाकीच्यांना आत जाऊ द्यायचं नाही, मग कुणाला तरी सांगायचं.

हायपोचं असंच वैर अमोनियाशीही आहे. काचा पुसायच्या काही द्रावणांत अमोनिया असतो. तो हायपोत मिसळला की क्लोरामाइन नावाच्या वाफा निघतात आणि त्याही डोळे-घसा जाळतात. मावशींच्या कामात एक जागा अशी आहे की तिथे बाटलीतला अमोनिया लागतच नाही. लघवीत युरिया असतो, शिळ्या लघवीत त्याचा अमोनिया झालेला असतो, शिवाय लघवी बहुधा किंचित आम्लधर्मी असते. सांडलेल्या लघवीवर कडक हायपो किंवा ब्लीचिंग पावडर थेट टाकली की वाफ उठते ती यामुळे. लघवी आधी कागदाने किंवा जुन्या कापडाने टिपून घ्यायची, ते कापड पिशवीत टाकायचं, जागा साबणपाण्याने पुसायची आणि मग पातळ हायपो फिरवायचं. रक्त सांडलं असेल तर क्रम थोडा निराळा असतो. तिथे आधी टिपकागद किंवा कापड अंथरून त्यावर एक टक्क्याचं हायपो हळूच ओततात, निदान दहा मिनिटं थांबतात आणि कडेकडून मध्याकडे गोळा करत आणतात, कारण रक्तातल्या जंतूंची भीती मोठी असते.

दोन द्रव्यं मिसळून दर वेळी विषच तयार होतं असंही नाही. कधी नुसतंच पाणी होतं. फरशीसाठी वापरायच्या बेंझाल्कोनियम क्लोराइडसारख्या जंतुनाशकाचे रेणू धनभारित असतात आणि साध्या साबणाचे ऋणभारित. एकत्र आले की एकमेकांना निकामी करतात. फेस छान येतो, वास छान येतो, जंतू मात्र आहे तिथेच राहतात.

यातूनच दुसरा एक गैरसमज उलगडतो, की जास्त कडक म्हणजे जास्त स्वच्छ. हायपोची ताकद रक्त, माती, चिकट घाण यांच्यातच खर्ची पडते. घाणीवर पाचपट कडक हायपो ओतलं तरी वरवरच्या थरातच ते संपतं. आधी घाण काढली तर अर्ध्या टक्क्याचं द्रावणही पुरतं, मात्र जागा सांगितलेला वेळ ओली राहिली पाहिजे. ओतलं आणि लगेच कोरडं पुसून घेतलं तर जंतू मरायला अवधीच मिळत नाही. माझ्या मते रुग्णालयातली निम्मी इजा या एका घाईतून होते. वेळ द्यायला फुरसत नसते, म्हणून कडकपणा वाढवला जातो.

जास्त कडक केल्याची शिक्षा दर वेळी काम करणाऱ्यालाच होते असंही नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या काही नवजात कक्षांमध्ये बाळांना अनपेक्षित कावीळ होऊ लागली. पाळणे आणि फरशी पुसायला वापरलेलं फिनॉलचं जंतुनाशक प्रमाणापेक्षा कडक केलं होतं आणि ते बाळांच्या नाजूक कातडीतून व श्वासातून आत जात होतं. तेव्हापासून बाळांच्या पाळण्यांना फिनॉलचं द्रावण लावू नये असं शिकवतात.

द्रावण किती पातळ करायचं याचा हिशेब तोंडी करता येण्याजोगा आहे. बाटलीवरच्या टक्क्याला हव्या त्या टक्क्याने भागा आणि एक वजा करा, तितके भाग पाणी. बाटली पाच टक्क्यांची असेल आणि एक टक्का हवा असेल, तर पाच भागिले एक पाच, वजा एक चार. एका मापाला चार मापं पाणी. अर्धा टक्का हवा असेल तर एकाला नऊ. अडचण अशी की बाजारात चार टक्क्यांची, पाच टक्क्यांची आणि दहा टक्क्यांचीही बाटली मिळते. खरेदी बदलली आणि मावशी-मामांना कुणी सांगितलं नाही, तर सवयीच्या 'एकाला चार'ने दहा टक्क्यांच्या हायपोचं दोन टक्के होतं, म्हणजे दुप्पट कडक. प्रत्येक नव्या खोक्यावरचा टक्का पाहायचा तो एवढ्यासाठी. आणखी तीन गोष्टी. आधी बादलीत पाणी घ्यायचं आणि त्यात हायपो ओतायचं, उलट केलं की कडक हायपोचे शिंतोडे डोळ्यांत उडतात. पाणी थंडच घ्यायचं, गरम पाण्यात हायपो फुकट जातं आणि वाफही जास्त मारते. आणि रोजचं द्रावण रोज करायचं, कारण उन्हाने व उष्णतेने त्यातला क्लोरीन उडत राहतो. कालची बादली आज नुसती वास मारत असते. बादली प्लास्टिकची हवी, हायपो धातू खातं.

आता मास्क. साधा सर्जिकल मास्क थुंकीचे तुषार अडवण्यासाठी असतो. एन-९५ त्याहून बारीक कण गाळतो. पण वाफ किंवा वायू म्हणजे सुटे रेणू. ते या दोन्हींच्या कापडातून सरळ आरपार जातात. वायू अडवायला कोळशासारख्या शोषक द्रव्याची डबी बसवलेला वेगळा मुखवटा लागतो. तो रंगकाम करणारे किंवा कारखान्यातले लोक वापरतात, वॉर्डात तो क्वचितच दिसतो. म्हणजे जाऊबाईंच्या मास्कचा जंतूंसाठी उपयोग आहे, हायपोच्या वाफेसाठी नाही. त्या वाफेवरचा खरा उपाय म्हणजे उघडी खिडकी, चालू असलेला एक्झॉस्ट पंखा आणि झाकण लावलेली बादली. हातमोज्यांचंही असंच आहे. तपासणीचे पातळ लेटेक्स मोजे हायपोला थोडा वेळ चालतात, पण ग्लुटाराल्डिहाइड त्यांच्यातून झिरपतं. त्याला नायट्राइलचे, लांब मनगटाचे मोजे हवेत. आणि मोज्यात एकदा द्रावण शिरलं की तो न घातल्यापेक्षा वाईट, कारण आत ओलं रसायन कातडीला चिकटून बसतं. असा मोजा तिथल्या तिथे काढून हात पाण्याखाली धरायचा.

फवारणीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी ती पाहिली. कापडाने पुसलं तर द्रव्य फरशीवर राहतं. फवारलं तर त्याचे बारीक थेंब हवेत तरंगतात आणि थेट छातीत उतरतात. तेच द्रव्य, तेवढंच प्रमाण, पण वाट बदलली की परिणाम बदलतो. याचं सगळ्यात भयंकर उदाहरण दक्षिण कोरियात घडलं. हिवाळ्यात खोलीत ओलावा राहावा म्हणून तिथे घरोघरी ह्युमिडिफायर लावतात. त्याच्या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून १९९४पासून जंतुनाशकं विकली जात होती. त्यातलं पीएचएमजी नावाचं द्रव्य कातडीला सौम्य मानलं जाई. २०११मध्ये सोलमध्ये गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायका फुप्फुसं निकामी होऊन दाखल होऊ लागल्या, तेव्हा शोध लागला. पुसायला सौम्य असलेलं ते द्रव्य ह्युमिडिफायरच्या धुक्यातून रोज रात्री फुप्फुसांत जात होतं. शेकडो लोकांचा जीव गेला.

आपल्याकडे मार्च २०२०मध्ये उत्तर प्रदेशात बरेली इथे गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर हायपोचा फवारा मारला गेला. जागोजागी सॅनिटायझरचे बोगदे उभे राहिले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिलमध्ये माणसांवर जंतुनाशक फवारू नये अशी स्पष्ट सूचना काढली आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर निर्देश दिले. तरीही फवारलं की झालं, ही सवय अजून काही ठिकाणी टिकून आहे. या बाबतीत जोसेफ लिस्टरचा दाखला बोलका आहे. ज्यांनी १८६५मध्ये ग्लासगोत कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक करून शस्त्रक्रियेचा इतिहास बदलला, त्यांनीच पुढे शस्त्रक्रियागृहाच्या हवेत कार्बोलिकचा फवारा सोडायला सुरुवात केली होती. त्या धुक्यात उभं राहून काम करणाऱ्यांना त्रास होई. जंतू मुख्यतः हातांतून आणि उपकरणांतून येतात, हवेतून फारच कमी, हे पटल्यावर लिस्टरनी तो बंद केला आणि १८९०मध्ये बर्लिनच्या वैद्यक परिषदेत तो सुचवल्याबद्दल खेद व्यक्त केला.

खोकल्याचं म्हणाल तर ती शंका मनातून काढून टाकू नका. अमेरिकेतल्या ७३ हजारांहून अधिक परिचारिकांच्या दीर्घकाळच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या आठवड्यातून एकदा तरी पृष्ठभाग किंवा उपकरणं जंतुनाशकाने पुसत, त्यांच्यात दम लागण्याचा जुनाट विकार, म्हणजे सीओपीडी, होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा २५ ते ३८ टक्क्यांनी जास्त आढळलं. तिथे हे परिचारिका करतात. आपल्याकडे तेच काम बहुतांशी मावशी आणि मामा करतात, तेही अधिक तास आणि कमी साधनांत. त्यांची अशी मोजणी व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

तुमचा शेवटचा प्रश्न वासाचा. नाक इथे दोन्ही बाजूंनी फसवतं. पांढऱ्या फिनाइलचा वास पाइनच्या तेलाचा असतो. तो दरवळला म्हणजे जंतू मेले असं नाही आणि विरला म्हणजे काम संपलं असंही नाही. क्लोरीनच्या वासाला नाक थोड्या वेळात सरावतं. खोलीत नव्याने आलेल्या माणसाला झोंबतं आणि तासभर तिथे असलेल्याला काहीच जाणवत नाही. खरी भीती वास न येणाऱ्या वायूंची. प्लास्टिकच्या नळ्या, सिरिंजा यांना उकळणं सोसत नाही, म्हणून त्या इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करतात, ज्याला रुग्णालयात 'ईटीओ' म्हणतात. त्याच्या संपर्काची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत एक भाग इतकी धरतात, आणि नाकाला तो कळायला काहीशे भाग लागतात. वास आला तेव्हा मर्यादा कित्येक शेपट ओलांडलेली असते. हा वायू कर्करोगकारक ठरलेला आहे आणि पेटही घेतो. शिवाय प्लास्टिक तो शोषून घेतं, म्हणून मशीनमधून काढलेल्या वस्तू कित्येक तास गरम हवेत ठेवून वायू उडवावा लागतो. घाईने बाहेर काढलेलं पाकीट उघडणाऱ्या सिस्टरलाही तो लागतो आणि रुग्णालाही.

फॉर्मालिनचं उलटं आहे, त्याचा वास सगळ्यांना ओळखू येतो. शस्त्रक्रियागृह बंद करून फॉर्मालिनमध्ये पोटॅशियम परमँगनेट टाकायचं, ते आपोआप खदखदून उकळायचं आणि खोलीभर वायू पसरायचा, ही जुनी पद्धत काही ठिकाणी अजून चालते. २००४मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग करणारं द्रव्य म्हणून पहिल्या गटात टाकलं. नीट धुणं-पुसणं आणि गाळलेल्या हवेची सोय असेल तर या धुरीने फारसं काही वाढीव मिळत नाही. ती बंद करायला हवी, असं मी स्पष्टच म्हणेन. दुर्बिणीची उपकरणं भिजत घालायच्या ग्लुटाराल्डिहाइडने दमा होऊ शकतो. ब्रिटनमध्ये त्याची कामाच्या जागेची मर्यादा दोन कोटी भागांत एक भाग इतकी कडक ठरली आणि २००२मध्ये तिथलं प्रमुख उत्पादन उत्पादकानेच मागे घेतलं. ते भिजवण्याचं भांडं झाकणाचं हवं आणि खोलीला हवा हवी.

सॅनिटायझरबद्दल थोडक्यात. सत्तर टक्के अल्कोहोल साधारण १७ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे मिरजेत वर्षातले बहुतेक दिवस. शस्त्रक्रियेआधी कातडीला लावलेलं स्पिरिट निदान तीन मिनिटं वाळू देतात, नाहीतर कॉटरीची, म्हणजे रक्त थांबवायच्या विजेच्या उपकरणाची, ठिणगी त्यावर पडून रुग्ण भाजू शकतो.

आणि बाटल्या. हायपो पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून कोपऱ्यात ठेवायची सवय धोक्याची आहे. ३१ जानेवारी २०२१ला यवतमाळ जिल्ह्यात पाच वर्षांखालच्या १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना रुग्णालयात ठेवावं लागलं, सुदैवाने ती बरी झाली. बाटलीवर काय आहे, किती टक्के आहे, कशात मिसळायचं नाही, हे ती बाटली हाताळणाऱ्याच्या भाषेत ठळक लिहिलेलं असणं हा त्या माणसाचा हक्क आहे. इंग्रजी लेबल सिस्टरला कळतं, बादली मात्र मावशी भरते.

डोळ्यांत उडालं तर नळाखाली पापण्या उघड्या धरून पंधरा मिनिटं धुवायचं आणि मगच डॉक्टरकडे निघायचं. अल्कधर्मी द्रव्य डोळ्यात आत आत शिरत राहतं, म्हणून पहिली मिनिटं मोलाची. वर लिंबू किंवा व्हिनेगर घालून उतारा करू नये. कुणी प्यायलं तर उलटी करवू नये, येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. क्लोरीन छातीत गेल्यावर बरं वाटू लागलं तरी काही तासांनी फुप्फुसांत पाणी साठू शकतं, म्हणून त्या दिवशी एकटं राहू नये आणि दम लागला तर लगेच दाखवावं.

जाऊबाईंनी आता इतकं करावं. रविवारी किंवा सुट्टीवर गावी गेल्यावर खोकला कमी होतो का आणि कामावर परतल्यावर पुन्हा सुरू होतो का, हे तारखेनिशी वहीत लिहावं. कामातून आलेल्या दम्याची ती मोठी खूण असते आणि डॉक्टरांनी विचारल्याशिवाय आपण ती सांगत नाही. छातीच्या डॉक्टरांकडे जाताना वापरात असलेल्या सगळ्या द्रव्यांच्या लेबलांचे मोबाइलवर फोटो काढून न्यावेत. हातांसाठी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं आणि ड्यूटी संपल्यावर साधं व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल चोळावं. डॉक्टरांनी कामाशी संबंध असल्याचं लिहून दिलं, तर ते पत्र मेट्रनना किंवा संसर्ग नियंत्रण समितीला द्यावं आणि त्याची एक प्रत घरी ठेवावी.